वाणिज्य दूतावासातील जहाजांच्या व खलाशांच्या नोंदवह्या: कोणत्या ठेवाव्यात आणि जुन्यांचे काय करावे?

प्रश्न : बंदरकाठ

नमस्कार. एका बंदरात मानद वाणिज्यदूत म्हणून काम पाहणाऱ्या एका व्यावसायिकाच्या कार्यालयात मी अलीकडेच दफ्तराचे काम हाती घेतले आहे. ते ज्या राष्ट्राचे प्रतिनिधी आहेत त्या राष्ट्राच्या ध्वजाची व्यापारी जहाजे येथे अधूनमधून येतात. त्या राष्ट्राचे नागरिक असलेले खलाशी मात्र इतर ध्वजांच्या जहाजांवरूनही बरेच येतात.

आधीच्या मानद दूतांच्या काळापासूनच्या जाडजूड नोंदवह्या येथे एका कपाटात आहेत. जहाजांच्या आगमन-निर्गमनाची एक, कामावर घेतलेल्या व कार्यमुक्त केलेल्या खलाशांची एक, मृत खलाशांच्या चीजवस्तूंची एक, कप्तानांनी नोंदवलेल्या निषेधपत्रांची (सफरीतल्या संकटाविषयी वा नुकसानीविषयी शपथेवर केलेल्या निवेदनांची) एक आणि शुल्काची एक. अलीकडच्या काळात फक्त शुल्काच्या वहीत नियमित नोंदी झाल्या आहेत. बाकीच्या हळूहळू बंद पडलेल्या दिसतात. त्याच कपाटात कार्यालयाच्या धंद्याच्या फायलीही आहेत आणि जागा कमी पडत असल्यामुळे जुन्या वह्या रद्दीत काढाव्यात असा विचार चालू आहे.

माझे प्रश्न असे. या नोंदी ठेवण्याचे बंधन नेमके कोठून येते? बंदराच्या अधिकाऱ्यांकडे, एजंटांकडे आणि जहाजमालकांकडे सगळी माहिती असताना दूतावासाने आज कोणत्या नोंदी ठेवाव्यात? आणि जुन्या वह्या काढून टाकता येतील का?

उत्तर : दफ्तरदार

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई झाली तर ती निस्तरता येणार नाही. त्या वह्या टाकू नका. त्या तुमच्या कार्यालयाच्या मालकीच्या नाहीत आणि मानद दूतांच्याही नाहीत. त्या पाठवणाऱ्या राष्ट्राच्या, म्हणजे दूत ज्याचे प्रतिनिधी आहेत त्या राष्ट्राच्या, दफ्तराचा भाग आहेत. वाणिज्यदूतीय संबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३३ व्या कलमाने असे दफ्तर, ते कोठेही असले तरी, अनुल्लंघनीय ठरवले आहे. मानद दूतांच्या बाबतीत ६१ वे कलम लागू होते आणि त्यात एक अट घातलेली आहे: दफ्तर इतर कागदांपासून, विशेषतः दूताच्या खासगी पत्रव्यवहारापासून आणि त्याच्या धंद्या-व्यवसायाच्या कागदांपासून, वेगळे ठेवलेले असेल तरच हे संरक्षण मिळते. तुमच्या कपाटात दोन्ही एकत्र आहेत. उद्या एखाद्या दिवाणी दाव्यात किंवा करविषयक तपासणीत त्या कपाटाला हात लागला, तर या वह्या वेगळ्या आहेत असे तुम्ही कशाच्या आधारे म्हणणार? तेव्हा सर्वांत आधी त्या स्वतंत्र कपाटात हलवून कुलूपबंद करा, त्यांची यादी करून वरिष्ठ दूतावासाकडे पाठवा आणि तेथून लेखी उत्तर येईपर्यंत एकही पान हलवू नका.

आता बंधनाविषयी. कराराच्या पाचव्या कलमात वाणिज्यदूताची कामे सांगितली आहेत. आपल्या राष्ट्राच्या जहाजांवर व त्यांवरील खलाशांवर देखरेख करणे, त्यांना साहाय्य देणे, सफरीविषयी निवेदने घेणे, जहाजाची कागदपत्रे तपासून त्यांवर शिक्का मारणे, सफरीत घडलेल्या घटनांची चौकशी करणे, कप्तान, अधिकारी व खलाशी यांच्यातले तंटे मिटवणे, तसेच नोटरी आणि नागरी नोंदणी अधिकारी म्हणून काम पाहणे, एवढे सगळे त्यात येते. मात्र अमुक वही ठेवा असे हा करार कोठेही सांगत नाही. ही कामे दूताच्या अधिकारकक्षेतली आहेत हे यजमान राष्ट्राने मान्य केले आहे, इतकेच त्यातून मिळते. नोंद करण्याची सक्ती येते ती पाठवणाऱ्या राष्ट्राच्या नौकानयनविषयक कायद्यातून आणि त्याच्या परराष्ट्र खात्याच्या नियमपुस्तिकेतून. म्हणून या व्यासपीठावर कोणी काहीही सांगितले तरी शेवटचा शब्द त्या पुस्तिकेचाच राहील.

तुमच्या कपाटातल्या वह्या ज्या परंपरेतून आल्या ती समजून घेतली तर कोणती वही कशासाठी होती हे लक्षात येईल. अमेरिकेचा २८ फेब्रुवारी १८०३ चा कायदा याचे उत्तम उदाहरण आहे. परदेशी बंदरात पोहोचलेल्या अमेरिकी कप्तानाने जहाजाचे नोंदणीपत्र दूताकडे जमा करायचे, न केल्यास ५०० डॉलर दंड. आणि निघण्याची परवानगी मिळाली की दूताने ते परत द्यायचे. त्याच कायद्यात असेही होते की परदेशात जहाज विकून खलाशांना मोकळे केले, किंवा एखाद्या खलाशाला त्याच्या संमतीने कार्यमुक्त केले, तर कप्तानाने प्रमाणित खलाशी-यादी दूतापुढे ठेवावी आणि थकीत वेतनाखेरीज दरडोई तीन महिन्यांचे वेतन दूताकडे भरावे. त्यातले दोन महिन्यांचे त्या खलाशाला मायदेशी जाणाऱ्या जहाजावर काम मिळाल्यावर द्यायचे आणि एक महिन्याचे निराधार खलाशांच्या निधीत ठेवायचे. या निधीचा हिशेब दूताने दर सहा महिन्यांनी सरकारी खजिन्याला द्यायचा होता. आता पाहा: नोंदणीपत्र हातात आले म्हणून आगमन-निर्गमनाची वही, यादी तपासली म्हणून कार्यमुक्तीची वही, पैसे घेतले म्हणून हिशेबाची वही. दूताच्या हातातून पैसा आणि कागद जात होते, म्हणून या वह्या होत्या.

हा मुद्दा मी मुद्दाम ठासून मांडतो, कारण आज कोणती नोंद ठेवावी याची कसोटीही त्यातच आहे. दूताने स्वतः जे केले, पाहिले, स्वीकारले किंवा दिले, त्याची नोंद दुसरे कोणीही ठेवणार नाही. जहाज किती वाजता धक्क्याला लागले हे बंदराला माहीत असते. पण आजारी खलाशाला रुग्णालयात सोडून जहाज निघून गेले तेव्हा त्याच्या वेतनाचा हिशेब कोणासमोर झाला, हे बंदर सांगू शकत नाही.

उत्तर : साइन_ऑफ

मी अनेक वर्षे कप्तान म्हणून काम केले असल्यामुळे काउंटरच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. दफ्तरदारांची कसोटी मान्य आहे, फक्त तिच्याआधी आणखी एक प्रश्न येतो: हे प्रकरण जहाजाचे आहे की माणसाचे?

जहाजाचे राष्ट्रीयत्व ध्वजाने ठरते आणि माणसाचे पारपत्राने. एके काळी हे दोन्ही बहुधा एकच असे. आज सर्वाधिक टनभार पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटे यांच्या ध्वजाखाली आहे, मालक तिसऱ्याच देशातला असतो आणि खलाशी चार-पाच देशांतले असतात. लायबेरिया आणि मार्शल बेटे यांची नोंदणी-व्यवस्था तर अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून चालते. पनामाने मात्र जहाजांच्या कामासाठी खास वाणिज्य दूतावास ठेवले आहेत. तेव्हा कप्तान व खलाशी यांच्यातल्या करारनाम्यावर शेरा, लॉगबुकाची (जहाजाच्या अधिकृत रोजनोंदवहीची) तपासणी, नोंदणीपत्र ही ध्वजराष्ट्राच्या दूताची कामे. आणि अटक, मृत्यू, हरवलेले पारपत्र, निराधार झालेला खलाशी या बाबतीत त्या माणसाच्या राष्ट्राचा दूतही येतो, मग जहाज कोणत्याही ध्वजाचे असो. तुमच्याकडे दुसऱ्या प्रकारची प्रकरणे जास्त येतात असे तुम्हीच लिहिले आहे. एकाच वहीत दोन्ही कोंबली तर पुढच्या माणसाला काहीही उलगडणार नाही. दोन स्वतंत्र वह्या करा.

आगमन-निर्गमनाची वही बंद पडली याचे मला दुःख नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या १९६५ च्या सुलभीकरण करारानुसार खलाशी-यादी आणि इतर घोषणापत्रे ठरावीक नमुन्यात द्यावी लागतात आणि १ जानेवारी २०२४ पासून ती एकाच इलेक्ट्रॉनिक खिडकीतून देण्याची व्यवस्था सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक आहे. नोंदणीपत्र आता जहाजावरच असावे लागते, कारण बंदर-तपासणीचे अधिकारी आल्याबरोबर ते मागतात. ते दूताकडे ठेवून यायचे दिवस संपले. ज्या जहाजाचे काही काम दूतावासात पडले त्याचीच नोंद ठेवली तरी पुरे.

निषेधपत्राची वही मात्र जिवंत ठेवा. वादळात माल भिजला असण्याची शंका असेल, टक्कर झाली असेल किंवा नांगर तुटला असेल, तर कप्तान बंदरात पोहोचल्यावर साधारण चोवीस तासांच्या आत आणि मालाच्या कोठारांची झाकणे उघडण्यापूर्वी निवेदन नोंदवतो. सविस्तर निवेदन मागाहून करण्याचा हक्क राखून ठेवतो. अनेक ठिकाणी हे काम स्थानिक नोटरी करतो, पण ध्वजराष्ट्राचा दूत उपलब्ध असेल तर त्याच्याकडे जाण्याची प्रथा आहे. येथे एक गोष्ट नव्या अधिकाऱ्यांना समजावून सांगावी लागते. दूत हा वादळाचा साक्षीदार नसतो. अमुक जहाजाचा अमुक कप्तान अमुक तारखेला, अमुक वेळी माझ्यासमोर आला, लॉगबुकातला उतारा त्याने दाखवला आणि शपथेवर हे सांगितले, एवढेच तो प्रमाणित करतो. म्हणून तारखेबरोबर वेळ लिहा आणि उताऱ्याची प्रत जोडा. कित्येक नोंदींत वेळ नसते, आणि झाकणे आधी उघडली की नंतर यावरच पुढे सगळा वाद होतो.

बंदरकाठ :

दोघांचेही आभार. वह्या वेगळ्या हलवण्याचे काम आजच सुरू केले. दोन गोष्टी अजून विचारतो. कार्यमुक्तीच्या नोंदीत नेमके काय लिहावे? जुन्या वहीत एका रकान्यात वर्तणुकीविषयी शेरे आहेत. आणि मृत्यूच्या नोंदीविषयी कोणी सविस्तर लिहील का? जुन्या वहीतल्या या नोंदी अत्यंत तपशीलवार आहेत; रुमालापर्यंत सगळ्या वस्तू लिहिलेल्या आहेत.

उत्तर : साइन_ऑफ

वर्तणुकीचा रकाना गाळा. ब्रिटिश कार्यमुक्ती-पुस्तिकांमध्ये कौशल्य आणि वर्तन यांविषयी शिक्के मारण्याची पद्धत दीर्घकाळ होती. शेरा देण्यास नकार, एवढे छापले तरी त्या माणसाला पुढचे जहाज मिळणे कठीण होई. २००६ च्या सागरी श्रम करारानुसार खलाशाला त्याच्या सेवेची नोंद असलेला दस्तऐवज द्यावाच लागतो, पण त्यात कामाच्या दर्जाविषयी किंवा वेतनाविषयी कोणतेही विधान असता कामा नये. दूतावासाची वही म्हणजे तो दस्तऐवज नव्हे हे खरे, तरीही तुमच्या वहीतला शेरा प्रमाणित उताऱ्यातून बाहेर पडला तर परिणाम तोच होतो.

बाकी मजकूर साधा आहे: नाव पारपत्रावर आहे तसे, सीडीसीचा (खलाशाच्या सेवा-नोंद पुस्तिकेचा) क्रमांक, हुद्दा, जहाजाचे नाव व आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), साइन ऑनची म्हणजे जहाजावर रुजू होण्याची तारीख व बंदर, साइन ऑफची म्हणजे कार्यमुक्तीची तारीख, कारण आणि मायदेशी रवानगी कोणाच्या खर्चाने झाली ते. जहाजाचे नाव एकटे कधीच लिहू नका. नाव विक्रीबरोबर बदलते, आयएमओ क्रमांक जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. कारण लिहिताना मात्र तोलून लिहा. परस्परसंमती, आजार, कराराची मुदत संपणे, जहाजाची विक्री, जहाज सोडून जाणे, यांतल्या प्रत्येकाचे वेतनावर आणि परतीच्या हक्कावर वेगळे परिणाम होतात. कप्तानाने सांगितलेले कारण आणि खलाशाने सांगितलेले कारण जुळत नसेल तर दोन्ही लिहा. निवाडा देण्याची गरज नाही.

मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांच्या प्रकरणात तर दूताच्या वहीतली तारीख हीच मोठी मदत असते. याच सागरी श्रम कराराच्या, १८ जानेवारी २०१७ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, मालकाने परतीचा खर्च दिला नाही, अन्नपाण्याविना ठेवले, किंवा संबंध तोडले, ज्यात किमान दोन महिने वेतन न देणेही आले, तर ते परित्याग ठरते. आणि जहाजासाठी घेतलेल्या आर्थिक हमीतून चार महिन्यांपर्यंतचे थकीत वेतन व परतीचा खर्च मिळतो. खलाशांनी पहिल्यांदा फोन कधी केला, किती दिवसांचा शिधा उरला आहे असे सांगितले, मालकाला पत्र कधी गेले, हे त्या त्या दिवशी लिहिलेले असेल तर दाव्याला बळ येते. महिन्यानंतर आठवून लिहिलेल्या टिपणाला कोणी विचारत नाही.

उत्तर : जीर्णपत्र

मी अभिलेखागारात काम करतो, म्हणून जुन्या वह्यांविषयी थोडे. अमेरिकेच्या परदेशांतील कार्यालयांच्या अशा वह्या तेथील राष्ट्रीय अभिलेखागारात स्वतंत्र संग्रह म्हणून जपल्या आहेत; त्यांत जहाजांच्या आगमनाच्या, खलाशांच्या भरती, कार्यमुक्ती व मृत्यूच्या आणि निषेधपत्रांच्या वह्या आहेत. ब्रिटिश पद्धत थोडी निराळी होती. १८९४ च्या कायद्यानुसार जहाज परदेशी बंदरात अठ्ठेचाळीस तास थांबणार असेल तर त्या अवधीत कप्तानाने खलाशांचा करारनामा दूताकडे द्यायचा आणि दूताने तो कधी मिळाला व कधी परत केला याचा शेरा त्याच करारनाम्यावर लिहायचा. त्यामुळे दूताचे हस्ताक्षर वहीबरोबर जहाजाच्या कागदावरही राहिले आणि सफर संपल्यावर तो कागद ब्रिटनला परतला. १८६३ ते १९३८ या काळातल्या अशा करारनाम्यांपैकी सुमारे सत्तर टक्के आज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत, पाच आकडा शेवटी असलेल्या वर्षांचे बहुतेक ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत आणि सुमारे दहा टक्के नमुना म्हणून लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात.

याचा तुमच्याशी संबंध असा की करारनाम्यावरचा शेरा फार त्रोटक असतो: अमुक तारखेला रुग्णालयात सोडले, बस्स. तो माणूस नंतर बरा झाला, दुसऱ्या जहाजावर गेला की तेथेच वारला, हे दूतावासाच्या वहीतच सापडते. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय माणूस पुरता दिसत नाही. वह्या वरिष्ठ दूतावासाकडे पाठवण्याचे ठरले तर सुट्या पानांना क्रमांक देऊन, छायाचित्रे काढून मगच पाठवा. आणि अलीकडच्या मृत वा आजारी व्यक्तींच्या माहितीची छायाचित्रे कोणाच्या खासगी फोनमध्ये राहणार नाहीत याची काळजी घ्या.

जाता जाता, आगमनाच्या वहीविषयी साइन_ऑफ यांच्याइतका मी निश्चिंत नाही. इलेक्ट्रॉनिक खिडकीत भरलेली माहिती पन्नास वर्षांनी वाचता येईल का, याची हमी कोणत्याही बंदराने दिलेली माझ्या पाहण्यात नाही.

उत्तर : दफ्तरदार

मृत्यूच्या नोंदीचे राहिले होते.

मृत्यू बंदरात झाला तर स्थानिक कायद्याप्रमाणे नोंदणी होते आणि दाखलाही स्थानिक अधिकारी देतात. माहिती मिळाल्यावर विनाविलंब दूतावासाला कळवण्याचे बंधन व्हिएन्ना कराराच्या ३७ व्या कलमाने यजमान राष्ट्रावर घातले आहे. जहाज फुटले किंवा रुतले तर कळवण्याचे बंधनही त्याच कलमात आहे. मृत्यू खोल समुद्रात झाला असेल तर मूळ नोंद अधिकृत लॉगबुकातली असते. दूताने तिचा उतारा घेताना अक्षांश-रेखांश, जहाजावरील स्थानिक वेळ आणि जागतिक प्रमाणवेळ तिन्ही उतरवून घ्यावीत. प्रशांत महासागरात दिनांकरेषेजवळ झालेल्या मृत्यूची तारीख घरच्या कागदांत एक आणि जहाजाच्या कागदांत दुसरी येऊ शकते, आणि विम्याच्या किंवा वारसाच्या प्रकरणात एका दिवसाचा फरकही कुटुंबाला भोवतो.

आता रुमालांविषयी. अमेरिकेच्या १७९२ च्या कायद्यात दूतावर अशी जबाबदारी टाकली होती की आपल्या हद्दीत, तेथे कायदेशीर प्रतिनिधी नसताना मरण पावलेल्या नागरिकाची चीजवस्तू ताब्यात घ्यावी, दोन व्यापाऱ्यांच्या मदतीने तिची यादी करावी, नाशवंत वस्तू विकाव्यात, देणी भागवावीत आणि वर्षभरात कोणी वारस पुढे न आल्यास शिल्लक खजिन्यात पाठवावी. आजही मृताच्या सामानाची यादी जहाजावर कप्तान साक्षीदारांसमोर करतो. दूताने ती यादी सामानाशी ताडून पाहावी आणि ताब्यात घेतलेली व ताब्यात न मिळालेली अशी प्रत्येक वस्तू लिहावी. दुसरा भाग लोक विसरतात. यादीत घड्याळ आहे आणि पेटीत नाही, हे त्याच दिवशी लिहिले नाही तर ते दूतावासात हरवले असे पुढे समजले जाते. रुमालापर्यंत लिहिणारा तुमचा तो जुना दूत चिकट वाटला तरी कसलेला माणूस असणार. रोख रक्कम चलनासह लिहा, मोबाइल आणि लॅपटॉप बंद स्थितीत, पासवर्ड न विचारता सील करा, आणि थकीत वेतनाचा हिशेब चीजवस्तूंच्या यादीत न मिसळता स्वतंत्र पानावर घ्या. वेतन मालकाकडून यायचे असते आणि सामान तुमच्या हातात असते. दोहोंच्या पावत्या वेगवेगळ्या होतात.

एक दुर्मीळ काम राहिले. तुमच्या बंदरात एखादे जहाज विकले गेले आणि खरेदीदार तुमच्या राष्ट्राचा असेल तर तात्पुरत्या नोंदणीपत्राची मागणी येऊ शकते. ब्रिटनच्या १८९४ च्या आणि त्याच घडणीच्या भारताच्या १९५८ च्या कायद्यात दूताला असे पत्र देण्याचा अधिकार होता. ते सहा महिने किंवा नोंदणी अधिकारी असलेल्या बंदरात पोहोचेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर चाले, आणि त्याची प्रत मायदेशी पाठवावी लागे. मानद दूताला हा अधिकार बहुतेक वेळा दिलेला नसतो. तसे पत्र मागणारा आला तर सही करण्यापूर्वी नियुक्तिपत्र वाचा आणि वरिष्ठ दूतावासाला विचारा.

जीर्णपत्र यांच्या शंकेवर मधला मार्ग सुचवतो. वही बांधीव असू द्या, पानांना आधीच क्रमांक द्या, आणि दर तिमाहीच्या शेवटी स्कॅन केलेली प्रत वरिष्ठ दूतावासाकडे पाठवून तिची पोच त्याच वहीत चिकटवा. चूक झाली तर एका रेघेने खोडा, मूळ अक्षरे वाचता यायला हवीत, आणि शेजारी सही व तारीख घाला. ज्या तिमाहीत एकही जहाज वा खलाशी आला नाही त्या तिमाहीचे निरंक पत्रकही पाठवा, नाहीतर ती वही पुन्हा कधी बंद पडली हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.